सिंदखेडला अख्खा दिवस

बुलढाणा जिल्ह्यात बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना फिरवण्याचा एक मार्ग ठरलेला आहे. पहाटे निघून शेगावला गजानन महाराजांचं दर्शन, दुपारी लोणारचं सरोवर, आणि जालन्याकडे परतताना वाटेतच लागतं म्हणून सिंदखेड राजा. गाडी राजवाड्याच्या दरवाजासमोर थांबते. जिजाऊंच्या जन्मस्थळी हात जोडले जातात, फोटो निघतात, चहा होतो आणि पाऊण तासाच्या आत मंडळी रस्त्याला लागलेली असतात. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर तेवढंही थांबणं होत नाही. सिंदखेडची पाटी दिसते आणि मागे पडते.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. सिंदखेड राजा म्हणजे एक वाडा आणि एक पुतळा नव्हे. ते सबंध नगर आहे. त्याला तलाव आहेत, बारवा आहेत, कोट आहेत, वाड्याहून कितीतरी जुनी देवळं आहेत, आणि एकाच दिवशी उजाड झालेल्या एका घराण्याची समाधी आहे. हे सगळं पायी हिंडून बघायचं तर दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा वेळ लागतो. नाताळच्या सुट्टीत तो आम्ही दिला.

निमित्त झालं भाचीचं. माझी नणंद जर्मनीत आउग्सबुर्गला असते. ती लेकीला घेऊन चिखलीला माहेरपणाला आली होती. मुलगी दहा वर्षांची, घरात स्वच्छ मराठी बोलणारी, आणि आजीला प्रश्न विचारून बेजार करणारी. दिवाळीच्या सुमाराला तिचे आईबाबा तिला न्यॉर्डलिंगन नावाच्या जुन्या गावी दिवसभराच्या सहलीला घेऊन गेले होते. ते गाव तिच्या डोक्यातून जात नव्हतं. गावाभोवती गोल तटबंदी, ती कुठेही तुटलेली नाही, वर छप्पर असलेली चालायची वाट. सुमारे पावणेतीन किलोमीटरची ती वाट चालत गावाला पुरी प्रदक्षिणा घालता येते. मध्ये सेंट जॉर्जचं मोठं चर्च आणि त्याचा नव्वद मीटर उंचीचा मनोरा. त्या मनोऱ्याला तिथले लोक डॅनियल म्हणतात आणि रात्री त्याच्यावरून पहारेकऱ्याची हाळी अजून दिली जाते. तटाच्या आत लोक राहतात, दळण-किराणा आणतात, मुलं शाळेत जातात. हे सगळं तिनं जेवताना सांगितलं आणि शेवटी विचारलं, “आजी, आपल्याकडे आहे का असं गाव?”

सासूबाईंचं माहेर साखरखेर्ड्याचं. त्या घास तोंडात घालता घालता म्हणाल्या, “हाय ना. सिंदखेड नाही का? पण त्याले पाहाले कोनी थांबते का?”

झालं, दुसऱ्या दिवशीचा बेत ठरला. न्यॉर्डलिंगनची आणखी एक गोष्ट नणंदेनं सांगितली ती मला फार आवडली. ते गाव ज्या सखल वर्तुळात वसलंय ते वर्तुळ म्हणजे उल्केच्या आघातानं झालेलं विवर आहे. दीड कोटी वर्षांपूर्वीचं आणि सुमारे चोवीस किलोमीटर व्यासाचं. त्या आघातात तयार झालेल्या दगडानंच चर्च बांधलं आहे. म्हणजे त्यांच्याकडे विवर आणि जुनं नगर एकाच जागी आहे. आपल्या जिल्ह्यात दोन्ही आहेत, फक्त एकमेकांपासून तासा-सव्वा तासाच्या वाटेवर. लोणारचं विवर पावणेदोन-दोन किलोमीटरचं, पण काळ्या बेसॉल्टमध्ये इतकं सुस्पष्ट राहिलेलं की जगभरचे अभ्यासक ते बघायला येतात. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं लिहिली, त्याच वर्षी त्याला पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळालं. लोणारकडे जगाचं लक्ष आहे आणि ते असायलाच हवं. त्या दिवशी मात्र आम्ही लोणार मुद्दाम बाजूला ठेवलं. एका दिवसात दोन्ही करायला गेलं की सिंदखेडच्या वाट्याला उरलेला पाऊण तासच येतो.

आदल्या रात्रीच दशम्या करून ठेवल्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, दही, आणि शेतातून आलेल्या तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून घेतल्या. डिसेंबरात आमच्या घाटावर सकाळी चांगलीच थंडी असते. कपाशीची शेवटची वेचणी चालू होती, हरभरा घाटे धरायला लागला होता, तुरी पिवळ्या पडत होत्या. देऊळगाव महीच्या बाजूला खडकपूर्णेच्या धरणाचं पाणी दिसतं. त्या जलाशयाला संत चोखामेळ्यांचं नाव दिलेलं आहे. चोखोबांचं जन्मगाव मेहुणा राजा याच देऊळगाव राजा तालुक्यात. पंढरीच्या वारीत लाखो माणसं ज्यांच्या समाधीशी थांबतात त्यांचं मूळ गाव आमच्या वाटेवर आहे, हे भाचीला सांगताना मलाच भरून आलं.

देऊळगाव राजा, मेहुणा राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, सिंदखेड राजा. मैलाचे दगड वाचत मुलगी म्हणाली, “इथे प्रत्येक गावात राजा होता का, मामी?” जाधवरावांचं घराणं देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारं. त्याच्या शाखा या पंचक्रोशीत गावोगावी नांदल्या, असं तिला सांगितलं. देऊळगावच्या बालाजीला बाहेरूनच नमस्कार करून आम्ही पुढे निघालो.

सिंदखेडला पोहोचल्यावर वाड्याकडे वळायचं नाही, आधी पाण्याकडे जायचं, असं मी ठरवलं होतं. सगळ्यांना माझा हाच आग्रह असतो. आमचा हा मुलूख काळ्या खडकाचा. पाऊस पडतो आणि वाहून जातो, जमिनीत मुरतो तो थोडका. अशा ठिकाणी राजधानीचं गाव वसवायचं तर तट बांधायच्या आधी पाणी बांधावं लागतं. जिजाऊंचे वडील लखुजीराजे जाधव यांच्या काळातल्या सिंदखेडनं ते कसं केलं हे बघितलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

मोती तलावाच्या बांधाशी उभं राहिलं की हे तळं आहे की किल्ला, असा प्रश्न पडतो. पाणी अडवणारी दगडी भिंत आहेच, पण तिचा दर्शनी भाग किल्ल्याच्या तटासारखा बांधून काढलाय. नुसतं पाणी साठवायचं असतं तर मातीचा बांध पुरला असता. बांधणाऱ्यांना तलाव देखणाही हवा होता, लोकांनी संध्याकाळी इथे येऊन बसावं असा. चारशे वर्षांनंतरही पाणी तिथे होतं, आणि पाण्यावर सकाळचं ऊन होतं. सासूबाई बांधावर बसल्या आणि गुडघे चोळत म्हणाल्या, “आमच्या टायमाले बैलगाडीनं येत होतो. इथंच बैल सोडत, इथंच भाकरी खात.” नवऱ्यानं आईकडून ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली होती.

चांदणी तलाव त्याहून वेगळा. त्याच्या मध्यभागी तीन मजली इमारत आहे. पाण्याच्या मधोमध अशी वास्तू बांधायची म्हणजे पाया किती विचार करून घालावा लागला असेल! मुलीनं विचारलं, तिथे कोण राहायचं? नक्की उत्तर मला देता आलं नाही, पण उन्हाळ्यातल्या रात्री त्या गच्चीवर पाण्यावरून येणारा वारा कसा लागत असेल याची कल्पना आम्ही सगळ्यांनी केली.

बारवांपाशी आम्ही सगळ्यात जास्त रमलो. पुतळा बारवेच्या पायऱ्या उतरायला लागलं की चार पायऱ्यांतच हवा बदलते. वरचा रस्त्याचा आवाज मागे राहतो. भिंतींमध्ये कोरलेल्या मूर्ती, त्या पुतळ्यांवरूनच बारवेला नाव पडलं. इतकी रेखीव शिल्पं देवळात नाही, पाणी भरायच्या जागी आहेत. म्हणजे रोज घागर घेऊन येणाऱ्या बायकांनी ती रोज पाहिली. कारागिरानं आपली कला त्यांच्यासाठी खर्ची घातली. सासूबाईंनी वरच्या पायरीवर चपला काढल्या. नातीनंही काढल्या आणि विचारलं, कावून काढायच्या? (आठवड्याभरात तिला आजीची बोली चढली होती.) “पानी हाय ना बाई खाली,” एवढंच सासूबाई म्हणाल्या. त्यांना त्यात आणखी काही सांगण्यासारखं वाटलं नाही.

दुसरी सजना बारव. हिच्यातून गावाकडे पाणी नेण्याची सोय त्या काळी केलेली होती, असं गावकरी सांगतात. बारवेत उतरून बघताना आनंद आणि दुःख दोन्ही होतं. दगड शाबूत आहेत, चिरा चिऱ्याला धरून आहे; पण खाली प्लास्टिकच्या बाटल्या आणि निर्माल्याच्या पिशव्या तरंगत होत्या. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रभर तरुण मुलंमुली बारवा शोधून काढतात, गाळ उपसतात, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावतात. त्या सगळ्यांचे हात सिंदखेडला वर्षातून एकदा तरी लागावेत असं फार वाटलं.

नीलकंठेश्वराच्या देवळासमोरही अशीच चौकोनी बारव आहे, तळापर्यंत पायऱ्या असलेली. देऊळ जाधवांच्या आधीचं. त्यांनी त्याचा जीर्णोद्धार केल्याचा शिलालेख तिथे आहे. रामेश्वराचं हेमाडपंती देऊळ त्याहूनही जुनं मानलं जातं. माझ्या मते सिंदखेडची खरी श्रीमंती इथे कळते. लखुजीराजे आले तेव्हा हे माळरान नव्हतं. जुनी देवळं, जुनं पाणी, जुनी वस्ती इथे होतीच. नव्या राजानं आधीच्या लोकांचं मोडून आपलं उभं केलं नाही, आधीचं दुरुस्त करून त्याच्या शेजारी आपलं बांधलं.

देवळाच्या आवारात झाडाखाली दशम्या सोडल्या. तुरीच्या शेंगा मुलीला इतक्या आवडल्या की आमच्या वाट्याला टरफलंच आली.

दुपारी लखुजीराजांच्या समाधीपाशी गेलो. इथे मात्र पाय जड होतात. समाधी भव्य आहे, चौकोनी, उंच, कमानींची, वर घुमट. हिंदू राजाची देशातली सर्वांत मोठी समाधी अशी तिची ख्याती इथे सांगितली जाते. पण आकारापेक्षा तिच्यामागची हकिकत मोठी आहे. २५ जुलै १६२९. लखुजीराजे आपल्या मुलांसह आणि नातवासह दौलताबादच्या किल्ल्यावर निजामशहाच्या दरबारात मुजऱ्याला गेले होते. दरबारात शस्त्र खाली ठेवून उभ्या असलेल्या माणसांवर हल्ला झाला. लखुजीराजे, त्यांचे पुत्र अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव, चौघे तिथेच मारले गेले. उरलेलं कुटुंब कसंबसं सिंदखेडला परतलं.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, “मग जिजाऊ तेव्हा कुठे होत्या?”

जिजाऊ तेव्हा पोटुशी होत्या. या घटनेनंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. एका स्त्रीचे वडील, दोन भाऊ आणि भाचा एका दिवसात गेले. त्याच्या काही वर्षं आधी दरबारातून बाहेर पडताना खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला आणि त्या गोंधळात तलवारी निघाल्या. जाधवांचे दत्ताजी आणि भोसल्यांचे संभाजी दोघे त्यात पडले. म्हणजे माहेर आणि सासर यांच्यात रक्त सांडलेलं तिनं आधीच सोसलं होतं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत नवरा एका बाजूला आणि वडील दुसऱ्या बाजूला होते. आपल्या शाळेच्या पुस्तकांत ‘जिजाऊंनी शिवबाला रामायण-महाभारतातल्या गोष्टी सांगितल्या’ हे वाक्य असतं. ते खरंच आहे. पण त्या बाईच्या स्वतःच्या आयुष्यात जे घडलं होतं ते कुठल्याही महाकाव्याहून कमी नव्हतं. परक्या दरबारात निष्ठेची किंमत काय मिळते हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. समाधीसमोर उभं राहून हे समजतं तसं कुठल्याही सभागृहात समजत नाही.

त्याच वर्षांत न्यॉर्डलिंगनच्या आसपास तीस वर्षांचं युद्ध चालू होतं. १६३४ मध्ये त्या गावाच्या वेशीवर मोठी लढाई झाली. इकडे दख्खनमध्ये १६३० पासून भयंकर दुष्काळ आणि १६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट. नणंद म्हणाली, “दोन्हीकडच्या मुली सारख्याच वाढल्या असतील, घोड्यांचे आवाज ऐकत.” त्यावर काही बोलावंसं वाटलं नाही.

या समाधीच्या आवारात अलीकडेच एक मोठी गोष्ट घडली आहे, आणि ती बुलढाण्याबाहेर फारशी कुणाला माहीत नाही. २०२४ च्या जूनमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या नागपूर मंडळाचं इथे संवर्धनाचं काम चालू असताना जमिनीतले दगड वेगळे दिसले. उत्खनन केल्यावर एका शिवमंदिराचे अवशेष आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. १.७० मीटर लांब, मीटरभर उंच. शेषावर पहुडलेला विष्णू, पायाशी लक्ष्मी आणि खाली समुद्रमंथनाचा प्रसंग. दगड आपला काळा बेसॉल्ट नव्हे, तर क्लोराइट शिस्ट. दक्षिणेकडे होयसळांच्या शिल्पांत वापरला जाणारा हा मऊ, बारीक कोरीव कामाला सोसणारा दगड. वऱ्हाडाच्या टोकाला तो आला कसा, कुणी आणला, यावर अभ्यासकांना काम करायला भरपूर जागा आहे. सिंदखेड अजून पुरतं जमिनीबाहेरही आलेलं नाही, एवढं मात्र यावरून नक्की होतं.

रंगमहालात आम्ही फार थांबलो नाही. रंगपंचमीला लहानग्या जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उधळत होते, लखुजीराजे कौतुकानं ‘जोडा शोभतो’ म्हणून गेले, आणि मालोजीराजांनी भर सभेत त्यालाच सोयरीक मानलं, ही बखरीतली हकिकत इथली म्हणून सांगतात. गोष्ट गोड आहे आणि प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे.

मग राजवाडा. दिवसभर जे हिंडलो त्यानंतर या दरवाजातून आत जाण्याचा अर्थ निराळा होतो. प्रवेशद्वार अजून छाती पुढे काढून उभं आहे. आतले वरचे मजले काळानं नेले. जोती, भिंती आणि दालनं उरली आहेत. १२ जानेवारी १५९८ ला, पौष पौर्णिमेला, म्हाळसाबाईंच्या पोटी जिजाऊंचा जन्म इथे झाला. सासूबाईंनी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. मग नातीला जवळ घेऊन म्हणाल्या, “हे आपल्या सगळ्याईचं माहेर हाय बरं.” त्या फार बोलणाऱ्या नाहीत, पण त्या वाक्यानं नणंदेचे डोळे पाणावले. परदेशात राहणाऱ्या मुलीला माहेर हा शब्द वेगळाच लागतो.

वाड्यात उभी असताना माझ्या मनात पुणं येत होतं. विजापूरच्या फौजेनं पुणं जाळलं, बेचिराख केलं, गाढवाचा नांगर फिरवला. त्या ओसाड जागी जिजाऊ लहान शिवबाला घेऊन आल्या. सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवला, लालमहाल उभा राहिला, कसब्याच्या गणपतीची स्थापना झाली, पळून गेलेली कुळं परत आली, शेती उभी राहिली. हे धाडस एवढ्या सहजपणे कुठून आलं असेल? त्याचं उत्तर सकाळपासून आमच्या पायाखाली होतं. जी मुलगी तलाव बांधले जाताना, बारवांवर बायका पाणी भरताना, जुन्या देवळांचे चिरे पुन्हा बसवले जाताना पाहत वाढली, तिला गाव कसं वसतं हे ठाऊक होतं. आधी पाणी, मग देव, मग घरं, मग भिंती. मातेचं थोरपण आपण नेहमी तिच्या संस्कारांत शोधतो. तिला येत असलेल्या राज्यकारभारात आणि गाव उभं करण्याच्या जाणकारीतही ते शोधायला हवं, आणि त्याचा धडा सिंदखेडच्या दगडांत आहे.

ऊन उतरताना काळा कोट. लखुजीराजांनंतर त्यांच्याच घराण्यातल्या जगदेवरावांच्या काळातलं हे बांधकाम. भिंती वीस फूट रुंद आणि तेवढ्याच उंच. वीस फूट म्हणजे चिखलीच्या आमच्या घराची ओसरी आणि माजघर मिळून जेवढं होतं तेवढी नुसती भिंतीची जाडी! काळाभोर दगड, एकावर एक असा बसवलेला की बोटाचं नख जाऊ नये. भाचीनं दोन्ही हात पसरून भिंतीला कवटाळलं आणि वर बघत म्हणाली, “ही तर न्यॉर्डलिंगनपेक्षा जाड आहे!” साकरवाड्याचा परकोट त्याहून उंच, चाळीस फुटांचा. आत विहीर, तळघर, भुयारी वाट. ज्या घराण्यावर दरबारात घाला पडला त्या घराण्यानं पुढे एवढ्या जाड भिंती बांधाव्यात, यात मला आश्चर्य वाटत नाही.

भिंतींचा उपयोगही झाला. १७५७ च्या डिसेंबरात पेशव्यांची फौज, विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे, यांनी सिंदखेडला रामचंद्र जाधवांना वेढा घातला आणि निजामाची फौज सोडवायला धावली. त्याआधी १७२४ च्या ऑक्टोबरात इथून जवळच, साखरखेर्ड्याला, निजाम-उल-मुल्कनं मुबारिझखानाचा पराभव केला आणि तिथून हैदराबादची निजामशाही सुरू झाली. सासूबाईंच्या माहेरच्या शिवारात! पलसिद्धाच्या मठासाठी त्यांना साखरखेर्डा माहीत, या लढाईची गोष्ट त्यांच्या कानावर कधी आली नव्हती. दख्खनच्या सव्वादोनशे वर्षांच्या राजकारणाचा पाया जिथे घातला गेला, तिथे शाळेतल्या मुलांना तो दाखवणारा साधा दगडही दिसला नाही. पुढे १८५० मध्ये बाजीराव जाधवांच्या अरब शिबंदीची निजामाच्या फौजेशी लढाई झाली, दुसऱ्या वर्षी जहागीर जप्त झाली आणि सिंदखेडचं राजेपण संपलं.

न्यॉर्डलिंगनचा तट टिकला, कारण तिथले लोक तो रोज चालतात. छप्पर गळलं तर गावाला कळतं. सिंदखेडचा कोटही तेवढाच मजबूत आहे, दगडाचा काही दोष नाही. त्याच्याभोवती माणसांचं येणं-जाणं हवं. बसस्थानकावर एक नकाशा, वाड्यापासून तलावांपर्यंत आणि बारवांपर्यंत पायवाटेच्या खुणा, प्रत्येक ठिकाणी चार ओळींची माहिती, आणि गावातली दहा मुलंमुली वाट दाखवायला तयार केलेली. यासाठी फार पैसा लागत नाही. गावकऱ्यांना सगळं ठाऊक आहे. आम्ही ज्यांना वाट विचारली त्या प्रत्येकानं हातातलं काम सोडून दोन पावलं सोबत येऊन दाखवली. एका मावशींनी तर घरी नेऊन पाणी पाजलं आणि उन्हात आलात म्हणून गूळ हातावर ठेवला.

१२ जानेवारीला सिंदखेडला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. सूर्योदयाला वाड्यात जाधवांच्या वंशजांच्या हस्ते महापूजा होते, मराठा सेवा संघानं उभारलेल्या जिजाऊ सृष्टीवर दिवसभर सभा, पोवाडे आणि पुस्तकांची दुकानं असतात. तो सोहळा एकदा बघावाच, बायका-मुली किती अभिमानानं तिथे येतात हे डोळ्यांनी पाहावं. पण त्या गर्दीत दगड दिसत नाहीत.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. सिंदखेड राजासाठी वेगळा दिवस काढा. पावसाळा सरल्यावर, दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत कधीही या. तलावांत पाणी असतं आणि ऊन सोसतं. पायात चांगल्या चपला, सोबत पाणी आणि भाकरी घ्या. मोती तलावापासून सुरुवात करा, बारवांमध्ये खाली उतरा, समाधीपाशी थांबून मुलांना १६२९ ची हकिकत सांगा आणि वाड्यात सगळ्यात शेवटी जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकींना बरोबर न्या. बारवेच्या पायरीवर एखादी प्लास्टिकची बाटली दिसली तर उचलून वर आणा. लोणार दुसऱ्या दिवशी करा.